नवलसिंगची पाठ

आमचे गिरधरआप्पा तापट आणि बडबडे. त्यांचा सोबती, तोरणमाळचा आदिवासी नवलसिंग पावरा, दिवसात चार शब्द बोलेल तर शपथ. तरी तीस वर्षं दोघांचं एकमेकांवाचून पान हललं नाही.

लकव्याने आप्पांचे पाय गेले, तेव्हा नवलसिंगने त्यांना चार वर्षं पाठीवर वाहिलं: संडासला, केळीच्या मळ्यात, शहाद्याला दवाखान्यात. मुलगा अजित पुण्याहून फोनवर चौकशी करायचा.

आप्पा गेले. नवलसिंग तिरडी उचलायला वाकला, तर अजित म्हणाला, "तू पुढे जाय, लाकडं रची ठेव. खांदा भाऊबंद देतीन."

नवलसिंग नदीकाठच्या स्मशानात लाकडं रचायला गेला. मीही भाऊबंदच, खांदा द्यायला पुढे झालो.

नदी हाकेच्या अंतरावर. तेवढ्यात आम्ही आठ धडधाकट भाऊबंदांनी तीनदा खांदा बदलला.