नवसाची खुडूक कोंबडी

खुडूक कोंबडीला रागीट म्हणणाऱ्या माणसानं आधी स्वतः तीन आठवडे एका जागी बसून दाखवावं. माझं माहेर दौंडचं, रेल्वेच्या चाळीतलं. कोंबडी खरंच अंडी उबवायला बसलीय की नुसता आळस करतेय, हे मी पाटीवर अक्षरं गिरवायच्या आधी ओळखायला शिकले. पिसं फुलवून बसलेली, घशातल्या घशात कुरकुरणारी, हात घातला की टोचणारी कोंबडी मला फार आवडते. शिरूरच्या मिशन शाळेतल्या मास्तरांशी लग्न होऊन मी आले, तेव्हा सासूबाई अशा कोंबडीच्या नाकात पीस खुपसत. त्यानं खूळ जातं आणि ती पुन्हा अंडी घालू लागते, असं त्यांचं म्हणणं. मी ते बंद पाडलं. जिला बसायचंय तिला बसू द्यावं, एवढंच माझं शास्त्र.

एका वर्षी मिशनच्या बंगल्यातल्या मडमबाई कायमच्या मायदेशी निघाल्या. त्यांच्याकडं पांढऱ्याशुभ्र विलायती कोंबड्या होत्या. अंडी भरपूर घालत, पण उबवायचं काम त्यांना ठाऊकच नव्हतं. कोंबड्या कुणीतरी पुण्याला नेल्या. शेवटची टोपलीभर अंडी मात्र मी मागून आणली. मला ती पिलं हवीच होती. नाताळाला आमच्या दारात पांढऱ्या कोंबड्या फिरतील, असं मी चर्चमधल्या साऱ्या बायकांना सांगून बसले होते.

पण आमच्या घरात तेव्हा एकही कोंबडी खुडूक नव्हती. सासूबाईंची लाडकी तांबडी तर रोज अंडं घालून त्यांच्या मागं मागं हिंडत होती. शेजारच्या मळ्यातल्या काकूंचीही एक तांबडी होती, ती नेमकी बसली होती. अंडी एकीची, कोंबडी दुसरीची आणि पिलं निम्मी निम्मी, अशी आमच्याकडं रीतच होती. दिवेलागणीला मी तिला पदराखाली घालून आणली. पाटीत राखेवर गवत अंथरून अंडी मांडली आणि वर तिला सोडली. तिनं चोचीनं एकेक अंडं पोटाखाली ओढून घेतलं, तेव्हाच मी निश्चिंत झाले.

रोज सकाळी तिला उठवायची, कण्या आणि पाणी द्यायचं, मातीत लोळू द्यायचं आणि अंडी गार व्हायच्या आत परत बसवायची. आठवड्यानं उन्हाच्या कवडशात धरून बघितली, तर बहुतेक अंड्यांत लाल शिरा दिसल्या. मी घरभर मिरवले.

पिलं निघायला थोडेच दिवस उरले असताना काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. एरवी बोलायला लागल्या की न थांबणारी बाई, पण त्या दिवशी एकेक शब्द तोलून सांगू लागल्या. मागच्या साली त्यांच्या धाकट्याला विषमज्वर झाला होता. पोरगा बरा झाला तर तांबडी कोंबडी देईन, असा नवस त्यांनी गावच्या देवाला बोलला होता. पोरगा बरा झाला. आता जत्रा तोंडावर आली होती आणि त्यांच्याकडं तांबडी ही एवढीच. बाजार पालथा घातला, तर सगळ्या काळ्या नाहीतर कबऱ्या.

मला रागच आला. तुमच्या देवाला चार दिवस दम धरवत नाही का, असं ओठांवर आलं होतं. पण त्या बाईच्या डोळ्यांत लेकराची धास्ती दिसत होती, आणि कोंबडी तर तिचीच होती. सासूबाईंची तांबडी मागायची छाती तिला नव्हती आणि मलाही नव्हती. कोंबडी उचलायला मी पाटीशी बसले. तांबडीनं माझ्या मनगटाला कडकडून टोचलं.

सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांच्याइतकी कडक ख्रिस्ती बाई आमच्या मंडळीत दुसरी नव्हती. देवापुढं ठेवलेलं खायचं नाही, म्हणून काकूंच्या घरची सणाची पोळीसुद्धा त्या परत पाठवत. त्या उठल्या, परसात गेल्या आणि आपली तांबडी काखेत घेऊन आल्या.

"ती बसलीया, तिला उठवू नगंस. ही ने."

काकू हडबडल्या. "मावशी, कशापायी पायजे ते ठावं हाय न्हवं तुमास्नी?"

"म्या शेजारणीला कोंबडी दिली. म्होरलं मला सांगू नगंस."

जत्रेच्या दिवशी सासूबाई दार लोटून बायबल वाचत बसल्या. दुपारी काकू झाकलेलं ताट घेऊन आल्या. पुरणपोळ्या होत्या. आता नाही म्हणायची पाळी माझ्यावर येणार, म्हणून मी पुढं झाले, तर काकू मला ओलांडून सासूबाईंपाशी गेल्या.

"निवद दाखवायच्या आधीच तुमच्या वायल्या काढल्यात, मावशी."

सासूबाईंनी ताट मांडीवर घेतलं. पोळीचा घास मोडला, खाल्ला आणि मग त्यांना रडू आलं. "माझ्या मागं मागं यायची गं," एवढंच म्हणाल्या. काकू त्यांना टेकून खाली बसल्या.

नाताळाला आमच्या दारात पांढऱ्या कोंबड्या फिरल्या, मी म्हटलं होतं तशाच. काकूंनी वाटणीची निम्मी पिलं नेली होती. आपली तांबडी मात्र सासूबाईंसाठी ठेवून गेल्या.