शुक्रवारची कुडी

रिठ्याचा वास आला की पासलीतलं ते घर अजून माझ्या डोळ्यांसमोर उभं राहतं. तेव्हा मी वेल्ह्याच्या ठाण्यात प्रभारी होतो.

फिर्यादी भोंगवलीचा शेतकरी. त्याची बहीण पासलीला दिलेली, ती आजारपणात गेली. मागं राहिली एक लहान मुलगी आणि हिऱ्याच्या कुड्या. मुलीच्या लग्नासाठी म्हणून सासूनं त्या कुलपात जपल्या होत्या. मेहुण्यानं दुसरं लग्न केलं आणि आता जोडीतली एक कुडी गायब!

"नव्या बाईनंच मारली, सायेब. कुडी गावली न्हाई तर भाचीला मी घिऊन जानार. चोरट्या हाताखाली न्हाई ठिवायचो."

मुलगी त्या नव्या आईला क्षणभर सोडत नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं. पण राग डोक्यात गेला की माणूस लेकराकडं बघत नाही.

पंच घेऊन घरी गेलो. कपाटाचं कुलूप शाबूत, किल्ली सासूच्या कमरेला. म्हातारी शांतपणे म्हणाली, "शुक्रवारी डबी उगडली की कुड्या वल्ल्या असत्यात. रिठ्याचा वास येतो. थोरली सून जित्तेपनी दर शुक्रवारी रिठ्यानं धुयाची. तीच येती."

"आजी, मग तिला समन्स कुठल्या पत्त्यावर बजावू?" मी वैतागून म्हणालो. कुणी हसलं नाही. म्हातारीनं उरलेली कुडी माझ्या तळहातावर ठेवली. डबीत पडून राहिलेल्या हिऱ्यावर धूळ बसते, तो मंद दिसतो. ही कुडी लखलखत होती, आणि खोटं कशाला बोलू, मला ती किंचित ओली लागली.

तेवढ्यात आमच्या बीट हवालदारानं खबर आणली. गेल्या शुक्रवारी सकाळी, सासू किल्ली खुंटीला लावून न्हाणीत गेली असताना, धाकट्या सुनेला शेजारणीनं ताम्हन घेऊन मागच्या दारी बसलेली पाहिलं होतं. झालं! फिर्यादी उसळलाच.

महिला हवालदारासमोर धाकटीची चौकशी सुरू केली. मुलगी तिच्या पदराला गच्च धरून होती. बाई एकच वाक्य धरून बसली, "म्या अक्काला न्हाऊ घातलं." अक्का म्हणजे मेलेली सवत.

"नाटक करतीय, सर," हवालदार पुटपुटली. मलाही तसंच वाटत होतं. पण बोलताना बाईचा हात सारखा गळ्याशी जात होता. तिथं सवतीच्या नावाचा चांदीचा टाक होता. दुसरेपणावर आलेली बाई तो घालते आणि देवासारखा पुजते. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"टाकाला न्हाऊ घालता, तसं कुड्यांना घातलंत?"

ती हुंदके द्यायला लागली. "व्हय. ताम्हनात, रिठ्याच्या पान्यात. मग फेसात एकच कुडी गावली. म्हटलं, दुसरी अक्कानं माघारी न्हेली. तिला मी नको हाय. आता पोर बी न्हेनार."

"ते पाणी कुठं ओतलंत, बाई?"

रडता रडता ती चमकून बघायला लागली. "द्येवाचं पानी मोरीत कोन वततं, सायेब? तुळशीत."

पंचांसमक्ष तुळशीची माती उकरली. बोटभर खाली कुडी निघाली, चिखलानं माखलेली. फिर्यादीनं ती धोतराच्या सोग्यानं पुसली. पुसतानाच त्याचे डोळे भरून आले. "बहिनीचं समदं तुमीच जपा, वैनी. पोरगी बी," तो म्हणाला. मुलगी त्या घरातच राहिली.

जबाब पुरा करताना मी धाकटीला विचारलं, "आधीच्या शुक्रवारी किल्ली कशी मिळायची?"

"आदी? म्या त्या एकाच शुक्रवारी धुतल्या, सायेब. अक्कानं एकलीनं किती दिस कष्ट काढायचं, म्हनून."

मी म्हातारीच्या हातांकडं पाहिलं. संधिवातानं बोटं आखडलेली, तिला साधा रिठाही फोडता आला नसता. फिर्यादीचा मेहुणा नोकरीला भोरला, शनिवारीच घरी येणारा. मी तो प्रश्न आणि ते उत्तर जबाबात घेतलं नाही.

नोकरीत चोर पुष्कळ पाहिले. पण आपण कुणाला नकोसे झालो, या भीतीनं गप्प बसलेलं माणूस चोरासारखंच दिसतं, हे मला त्या घरानं शिकवलं. तेव्हापासून गप्प माणसाला मी दुसऱ्यांदा विचारल्याशिवाय सोडलं नाही.

पुढं वेल्ह्याच्या बाजारात म्हातारी भेटली. मी न राहवून विचारलं, "काय आजी, थोरली येते का अजून?"

"न्हाई. आता दर शुक्रवारी धाकटीच धुती," म्हातारी म्हणाली. "थोरली सुटली, बाबा."