म्हसोबाजवळची माती

माझ्या अजगराने चार महिने काही खाल्लं नव्हतं. अजगर म्हणजे बॉल पायथन, मूळचा आफ्रिकेतला, बिनविषारी, दोन हात लांब आणि स्वभावाने अगदी गरीब. सोसायटीत कोणी कटकट केली की मी त्याच्या नोंदणीचा कागद पुढे करतो. गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये तो पेपर अंथरलेल्या प्लास्टिकच्या खोक्यात राहायचा. सातपूरहून ड्युटी करून आलो की मी त्याच्यापुढे उंदीर धरायचा आणि त्याने तोंड फिरवायचं, असं चाललं होतं.

डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही. "तुम्हाला पेपरवर ठेवलं तर तुम्ही जेवाल का? माती द्या, पाला द्या, लपायला जागा द्या." वजन आणखी उतरलं तर तो वाचायचा नाही, हेही सांगून टाकलं.

मी काचेची मोठी पेटी आणली. आधी माती भरायची. तिच्यात कुंडीखाली सापडणारे, हात लावला की गोळी होणारे राखाडी किडे सोडायचे. सापाची घाण आणि बुरशी तेच खातात. ते आठवडाभर जगले की मग साप सोडायचा.

माती नानांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून आणायची, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. शहराला लागूनच आमचं वावर आहे, टोमॅटो आणि झेंडूचं. नानांचा सापावर राग. "लोक साप दिसला की काठी शोधत्यात, आमचं येडं त्याला बंगला बांधतंय!" पण माती हवी म्हटल्यावर खुलले. स्वतः दोन गोण्या घेऊन आले आणि मूठभर माती माझ्या नाकाशी धरली. "बघ, लोणी हाय लोणी. अख्ख्या शिवारात अशी माती नाय."

तिसऱ्या दिवशी सगळे किडे उताणे पडले होते. पुन्हा आणून सोडले, तेही मेले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टोमॅटोवर दर चार दिवसांनी फवारणी होते. आमच्याकडे तिला औषध मारणं म्हणतात. लहानपणापासून पंपाची नळी ओढलेला मी, आणि मीच ती माती पेटीत ओतली! स्वतःचाच भयंकर राग आला.

नानांना फोन केला. "माझ्या मातीत किडा जगत नाय? भलतंच! तुझे किडेच रोगट असतील," म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

दोन दिवसांनी ते अर्धी गोणी घेऊन दारात उभे. माझ्याकडे बघेनात. काळी माती, तिच्यात कडुलिंबाचा वाळका पाला. मी लगेच ओळखली. आमच्या बांधावर लिंबाखाली शेंदूर लावलेला म्हसोबा आहे. तिथे नांगर जात नाही, पंप जात नाही. लहानपणी तिथली एक काडी मोडली म्हणून नानांनी माझ्या मुस्काटात मारली होती.

"नाना, म्हसोबाजवळची?"

"नारळ फोडून, विचारून घेतली. सांगितलं त्याला, पोराच्या सापासाठी पायजे. आता टाक गुपचूप."

या मातीत किडे जगले. आठवड्याने साप सोडला, तो थेट फुटक्या माठाच्या खापराखाली शिरला. दहा दिवस नुसतं नाक दिसायचं. अकराव्या दिवशी मी उंदीर पुढे धरला आणि त्याने तो सटकन ओढून नेला. मी तिथेच फरशीवर बसलो आणि रडलो, यात लपवण्यासारखं काही नाही.

लगेच नानांना फोन लावला. "खाल्लं त्याने!"

"बरं झालं." मग म्हणाले, "अन् ते किडे?"

"जगले. पिल्लंही झालीत."

नाना हळू आवाजात म्हणाले,

"म्हंजे देवाची तेवढी जागा सोडून बाकी सगळं वावर मीच मारलं रे."

"एकट्याने नाही, नाना," मी म्हणालो. "नळी मी ओढायचो."