प्रिस्काबायच्या विहिरीचं पाणी

प्रिस्का लोपीस देवाला काहीही कमी पडू देत नसे. पहाटेची पहिली मिस्सा तिने ताप असतानासुद्धा चुकवली नाही. वेदीवरचा मोगरा तिच्याच वाडीतला, आणि संध्याकाळची रोझरीची माळ गुडघ्यांवर बसूनच, गुडघे कितीही ओरडोत. ‘तुझ्या देवावर पूर्ण मनाने प्रीती कर’ हे वाक्य आलं की ती मोठ्याने म्हणे, शेजारच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. फक्त त्या पूर्ण मनातला एक कोपरा तिने देवाला दिला नव्हता. तिथे तिची धाकटी जाऊ ग्रेसी राहत होती, भाडं न देता, वीस वर्षं.

ग्रेसीने केलं काय होतं? प्रिस्काच्या ज्युलीला पाहायला आलेल्या पाहुण्यांनी निघताना कुंपणाशी उभ्या ग्रेसीला सहज विचारलं, ‘‘पोरगी कशी आहे?’’ ग्रेसी म्हणाली, ‘‘चांगली आहे हो. फेफरं तेवढं येतं कधीमधी.’’ ज्युलीला फेफरं कधी आलंच नव्हतं. पण पाहुणे गेले ते गेलेच, आणि बातमी गावोगाव फिरली. ज्युलीने नर्सिंग केलं, कुवेत गाठलं, आणि लग्नाचा विषय काढला की ती फोन ठेवते. त्या दिवसापासून प्रिस्काने ग्रेसीला आपल्या विहिरीवर पाऊल ठेवू दिलं नाही. सासऱ्याने खणलेली विहीर वाटणीत प्रिस्काकडे आली होती. ग्रेसीकडे नळ आला, पण नळाच्या पाण्याने घराण्यातल्या नवरीला आंघोळ घालत नाहीत. लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून, घागर घेऊन, घरच्या विहिरीवर जायचं असतं.

म्हणून तर लग्न ठरल्यावर ग्रेसीची नात लविना एका सकाळी फाटकाशी येऊन उभी राहिली.

‘‘मोठी आजी, येऊ का आत?’’

‘‘आलीसच की. कोनी पाठवलं?’’

‘‘कोणी नाही. आजीला कळलं तर मारेल. मला पाणी तुमच्याच विहिरीचं हवंय. आणि मोगरा पण.’’

‘‘अजून काय? विहीर उचलून देऊ?’’

पोरगी हसली, आणि हसता हसताच तिची नजर थिजली. ती आडवी झाली. अंग ताठ, दात आवळलेले, पाय फरशीवर आपटताहेत. प्रिस्काने तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपला पदर घातला, तोंडाचा फेस पुसला. तिला सगळं समजलं, आणि समजताच छातीत एक गोड कळ उठली. खोटं कशाला बोला, ती दया नव्हती.

शुद्धीवर आल्यावर लविनाने तिचा हात धरला. ‘‘ऑस्विनला, माझ्या होणाऱ्या नवऱ्याला, माहीत आहे. मी पहिल्या भेटीतच सांगितलं. त्याच्या आईला नाही सांगितलेलं. तुम्ही सांगू नका, मोठी आजी.’’

प्रिस्काने तिला लिंबाचं सरबत दिलं. वचन दिलं नाही.

रविवारी फादरांनी वेदीवरून नावं वाचली. आपल्याकडे लग्न ठरलं की तीन रविवार वाचतात, आणि ‘कोणास काही अडथळा ठाऊक असल्यास कळवावे’ असंही म्हणतात. पुढच्या बाकावर ग्रेसीची मान ताठ होती. नव्या साडीची घडीसुद्धा मोडली नव्हती. प्रिस्काने त्या मानेकडे पाहिलं आणि मिस्सा संपेपर्यंत मनातल्या मनात ती मुरगळत राहिली. मनात असं विष घेऊन प्रभुभोजनाला मात्र उठली नाही. तेवढी लाज होती.

शनिवारी ती पापनिवेदनाला गेली.

‘‘फादर, मी एक पाप करनार आहे. आधी सांगून ठेवते.’’

जाळीपलीकडे फादर खोकले. ‘‘अहो बाय, पाप असं आगाऊ नोंदवता येत नाही.’’

‘‘खरं बोलनं पाप आहे का? ग्रेसीच्या नातीला फेफरं येतं. अडथळा ठाऊक असला तर कळवा म्हनता ना? कळवलं.’’

‘‘आजार हा अडथळा नाही.’’

‘‘ते तुमच्या पुस्तकात. सासूला सांगा, मग बघा.’’

‘‘सांगायचं असेल तर त्या मुलीच्या भल्यासाठी सांगणार आहात का?’’

‘‘छे,’’ प्रिस्का म्हणाली. ‘‘भल्यासाठी कशाला?’’ आणि क्षमा न घेताच उठून आली.

सोमवारी तिने रिक्षा केली आणि बोळिंज गाठलं. ऑस्विनचं घर एका कॉम्प्लेक्समध्ये, सातव्या मजल्यावर. आई बिचारी साधी. मुलीकडची मोठी आजी आली म्हणून तिने लगबगीने चहा टाकला, खारी काढली, पंखा वाढवला. भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, खाली लाल दिवा. चहा देऊन ती समोर बसली आणि अगदी सहज म्हणाली, ‘‘तुम्ही घरच्याच. खरं सांगा, पोरगी कशी आहे?’’

तेच शब्द. वीस वर्षं प्रिस्का या प्रश्नाची वाट पाहत होती, आणि आता तो समोर चहाबरोबर ठेवलेला. तिने तोंड उघडलं. जिभेच्या टोकावर वाक्य तयार होतं, ‘चांगली आहे हो,’ आणि त्यापुढचं. एवढ्यात तिच्या लक्षात आलं की हा आवाज आपला नाही. कुंपणाशी उभी राहून बोलणारी ती ग्रेसी आहे. आपल्याच तोंडात, आपल्याच कवळीमागे. इतकी वर्षं जिला आत कोंडून ठेवलं, ती आता बाहेर येऊन आपल्याच तोंडाने बोलणार. ग्रेसीचा सूड घ्यायचा, तर ग्रेसी व्हायचं?

प्रिस्काने तसबिरीकडे रागाने पाहिलं. तुला सगळंच पाहिजे, नाही का? एवढासुद्धा कोपरा माझा म्हणून ठेवू देत नाहीस.

‘‘पोरगी सोनं आहे,’’ ती म्हणाली. ‘‘तुमच्या मुलापासून काही लपवत नाही. तिच्या आजीपासून मात्र जपून राहा, ती विंचू आहे.’’ आणि खारी चहात बुडवली.

तिथून थेट ग्रेसीच्या दारात. ग्रेसी मासे साफ करत होती.

‘‘बोळिंजहून आले मी. ऑस्विनच्या आईकडून.’’

ग्रेसीच्या हातातला बोंबील पाटीत पडला. ‘‘काय सांगितलंस?’’

‘‘तू सांगितलं असतंस ते नाही सांगितलं.’’

‘‘बाय...’’

‘‘गप. रडू नकोस, मला बघायचं नाही. लविनाच्या आंघोळीचं पानी माझ्या विहिरीचं. घागर दुसऱ्या कोनी भरायची नाही. तू भरायचीस, बँडसमोर, सगळ्या वाडीसमोर. नाही आलीस तर मी स्वतः फाटकात उभी राहून का नाही आली ते सांगेन.’’

हा सूडच होता. त्याला दुसरं नाव द्यायचं कारण नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी बँड वाजत आला. बायका गात आल्या. फाटकाशी येऊन गाणं थांबलं, कारण दोघींचं वैर गावाला ठाऊक होतं. ग्रेसी घागर घेऊन एकटी पुढे आली. प्रिस्काने तिच्या हातात दोर दिला.

‘‘ओढ.’’

ग्रेसीने ओढलं. सत्तरीची बाई, दम लागला, पाणी निम्मं पायावर सांडलं. प्रिस्का हाताची घडी घालून बघत राहिली. हे बघण्यासाठी तिने वीस वर्षं रोझरी म्हटली होती म्हणा ना. पण गंमत अशी की ते गोड लागेना. समोर एक थकलेली म्हातारी दोराला लटकली होती, एवढंच. तिसऱ्या खेपेला प्रिस्काने शिवी हासडली आणि तिच्या मागे उभं राहून दोर स्वतः धरला. घे देवा, ती मनात म्हणाली, हा पण कोपरा घे. झाडून दिलेला नाही, तू झाड.

घागर भरली. ग्रेसीने ती उचलली नाही. ओले हात लुगड्याला पुसत ती म्हणाली, ‘‘बाय, ज्युलीला फोन लावून दे.’’

‘‘कशाला?’’

‘‘मी खोटं बोलले ते तिला सांगायचंय. ह्या सगळ्यांसमोर.’’

बँडवाल्याने तुतारी खाली केली. प्रिस्काने चष्मा लावला, नंबर काढला आणि फोन तिच्या हातात दिला.

‘‘नाही उचलला तर?’’ ग्रेसीने विचारलं.

‘‘पुन्हा लाव,’’ प्रिस्का म्हणाली. ‘‘पानी पळून जात नाही.’’