स्क्रू फिरवण्याआधी

गिटारचं खोकं आलं की रहीम मिस्त्री त्याचं झाकण उघडायचे आणि मग चार दिवस आत हात घालायचे नाहीत. गिऱ्हाईक दारात उभं राहून घाई करायचं. मिस्त्री म्हणायचे, "ते लाकूड कुठून कुठून आलंय. त्याला येडशीची हवा खाऊ द्या. वाकायचं असंल तर आत्ताच वाकू दे."

ही विजेवर वाजणारी गिटार. ती सुट्या भागांत मागवता येते. खोक्यात लाकडाचं धड, लांब मान, तारा ताणायच्या खुंट्या, तारा टेकवायची घोडी, वायरी आणि पुडीभर स्क्रू असतात. तयार गिटारपेक्षा स्वस्त पडते म्हणून आमच्याकडच्या गाण्याच्या पार्ट्यांतली माणसं अशी खोकी मागवायची आणि जोडायला मिस्त्रींकडे आणायची. मिस्त्री मूळचे दारं-खिडक्या करणारे सुतार. वाजवायच्या पेट्या दुरुस्त करता करता या कामात शिरले. जोडायला त्यांना एक दिवस पुरायचा. तपासण्यात मात्र आठवडा जायचा, कारण एकदा जोडलेला माल कंपनी परत घेत नाही.

"स्क्रू फिरला की निकाह झाला," ते म्हणायचे. "मग नवरी तिरळी हाय म्हणून ओरडून काय उपेग?"

मी विचारलं, "आणि नवरा तिरळा निघाला तर?"

"तर नवरीनं आधी बघायचं व्हतं. तिला काय डोळे न्हाईत?"

मी शाळेत पोरांची खिचडी शिजवायचे. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा काम सोडलं. घर मिस्त्रींच्या शेडला लागून, म्हणून सकाळचा चहा घेऊन तिथंच बसायचे. आम्ही दोघंही एकटे. बोलण्यासारखं फार काही नसायचं. एकदा ते स्क्रू मोजत होते. तीन वेळा मोजले, तीन वेळा वेगळा आकडा आला. मी ताटली ओढली, मोजले आणि आकडा सांगितला. पुढचं खोकं आलं तेव्हा त्यांनी ताटली आपणहून माझ्याकडे सरकवली. तेव्हा मला कळलं की त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे.

"ऑपरेशन करून घ्या," मी म्हटलं.

"करू की."

दोन वर्षं हे 'करू की' चाललं. एकदा मी फार टोचलं तेव्हा म्हणाले, "कंटाळा आलाय बाई. रांगेत बसा, थेंब घाला, जावयाला सुट्टी काढायला लावा. हाय त्यात चाललंय की."

चालत होतं ते माझ्या डोळ्यांवर. त्यांनी मला शिकवलं. धड उन्हात धरून चीर शोधायची. मान धडाच्या खाचेत बसवून हलवून बघायची. खुंट्या सगळ्या फिरतात का, घोडीची भोकं सरळ रेषेत आहेत का, ते बघायचं. सगळ्यात अवघड मान. तिच्या दोन टोकांना दोन सारख्या पट्ट्या आडव्या ठेवायच्या, एक डोळा मिटायचा आणि एका पट्टीवरून दुसरी बघायची. दोन्ही एका पातळीत दिसल्या तर मान चांगली. एकीचं टोक वर दिसलं तर मानेनं पीळ खाल्ला. "बाक आसला तर आतली सळई आवळून काढता येतो," मिस्त्री सांगायचे. "पीळ न्हाय निघत. लाकडाचा न्हाय आन माणसाचाबी न्हाय."

मी चौथी शिकलेली. पण हे मला जमलं, आणि त्याचा मला अभिमान होता. हे सगळं गिऱ्हाईक यायच्या आधी सकाळी उरकायचं. माल चांगला की वाईट, ते लोकांना मिस्त्री सांगायचे. मी कडेला बसून तांदूळ निवडायचे. "आंधळ्याकडं कोण खोकं आणंल?" असं एकदाच म्हणाले होते. मी कुणाला बोलले नाही.

एकाच्या धडाला कडेला बारीक चीर निघाली. तो म्हणाला, "मिस्त्री, रंगात झाकंल की ती."

"मग रंगाऱ्याकडं जावा. मी सुतार हाय."

तो चिडून खोकं घेऊन गेला. महिन्यानं दुसरं घेऊन आला. असं लोक परत यायचेच. रहीम मिस्त्रीनं बघितलं म्हटल्यावर पुढे कुणी विचारायचं नाही.

मग ईट गावच्या सुभाषचं खोकं आलं. सुभाष चाळिशीचा, गाण्याची पार्टी चालवायचा. जयंतीला गावात कार्यक्रम होता आणि त्याला तिथं ही गिटार वाजवायची होती. त्याच्या खोक्याचे चार दिवस भरले त्याच्या आदल्या दिवशी मी बीपीच्या गोळ्यांसाठी दवाखान्यात दिवसभर उभी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी उठवत नव्हतं. पट्ट्या फळीवर होत्या. त्या काढायला उठायचं जिवावर आलं. मी मान हातात धरली, एक डोळा मिटला आणि म्हटलं, "सरळ हाय."

मिस्त्रींनी मान घेतली. अंगठा कडेनं वरपासून खालपर्यंत फिरवला. मधे थांबले. पुन्हा फिरवला.

"नीट बघितलं ना बाई?"

"व्हय म्हटलं ना."

त्यांनी जोडायला घेतली.

जयंती झाल्यावर दोन दिवसांनी सुभाष गाडीवरून आला. गिटार पोत्यात गुंडाळलेली. ती त्यानं फळीवर आपटली नाही, हळूच ठेवली. त्याचंच मला जास्त लागलं. म्हणाला, "मिस्त्री, वरच्या निम्म्या तारा दाबल्या की खरखर करतात. सगळ्या गावापुढं बंद करून खाली ठेवायला लागली. दुसऱ्या मिस्त्रीला दाखवली. तो म्हणतो मानेला पीळ हाय, आन हे जोडायच्या आधी दिसतं."

मी सुपात तांदूळ घेऊन बसले होते. मिस्त्रींनी माझ्याकडे तोंडही वळवलं नाही.

"मला दिसत न्हाय," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. मोतीबिंदू हाय. मी सांगायला पायजे व्हतं."

सुभाषनं गिटारवरचं पोतं पुन्हा ओढून घेतलं. मग म्हणाला, "दिसत न्हाय आन लोकांचा माल पास करत बसलाव?"

"व्हय."

मी तेव्हा एक वाक्य बोलायला हवं होतं. बोलले नाही. सूप हलवत राहिले. सुभाष गेला, आणि आठ दिवसांत ही गोष्ट सगळ्या पार्ट्यांमध्ये पसरली. त्यानंतर मिस्त्रींकडे एकही खोकं आलं नाही. दारं-खिडक्या तर कधीच सुटल्या होत्या. पावसाळ्याच्या तोंडावर मुलगी परंड्याहून न्यायला आली.

ती पिशव्या बांधत होती तेव्हा मी विचारलं, "तुमच्या अंगठ्याला कळलं नव्हतं का?"

"कळलं व्हतं."

"मग?"

"मग काय. तुमी सरळ म्हनलाव. दोन वर्षांत तुमचं एक चुकलं न्हवतं. म्या म्हनलं, अंगठ्याचंबी वय झालं."

"त्या दिवशी माझं नाव का घेतलं न्हाय?"

"बाई, दुकान माझं. बघायचं काम माझं." मग जरा हसले. "आन तुमाला काय कमी ताप हाय का? गुडघे हायेत, बीपी हाय."

मी माफी मागितली नाही. तेवढं बोलायलाही त्या दिवशी जोर नव्हता. रिक्षा आली, ते गेले. परंड्यात मुलीनं त्यांचं ऑपरेशन करून घेतलं, असं कुणीतरी सांगितलं. एका डोळ्याचं झालं. दुसऱ्याचं व्हायच्या आत ते वारले. मला तीन दिवसांनी कळलं.

मी एसटीनं ईटला गेले. सुभाष घरीच होता. त्याला सगळं सांगितलं. पट्ट्या काढायला मी उठले नाही, तेही सांगितलं.

तो म्हणाला, "मग त्या दिवशी गप का बसलाव, मावशी?"

"भ्याले."

"आता सांगून काय?"

"गावात, पार्टीत, जिथं जिथं मिस्त्रींचं नाव खराब केलं, तिथं जाऊन सांग. बघणारी मी होते."

"बरं," तो म्हणाला. त्याच्या बायकोनं चहा दिला. तो पिऊन मी निघाले.

त्यानं कुणाला सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. तो सांगेल याची वाट बघत बसण्याइतकं माझं वय उरलेलं नाही. म्हणून हे माझ्याच हातानं लिहिलं.