घरी सरळ, रस्त्यावर वाकडं

माझ्या सासऱ्यांना सगळी गल्ली पाणसळ म्हणते. तोंडावर मिस्त्री, पाठ वळली की पाणसळ. पाणसळ म्हणजे गवंड्याकडे असते ती हातभर लांबीची पट्टी. तिच्या मधे काचेची नळी, नळीत पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध थांबला की काम सपाट झालं. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांत फरशा बसवल्या. काम सोडलं तेव्हा बाकीची हत्यारं वाटून टाकली, पण पाणसळ ठेवली. चष्मा आणि पाणसळ यांच्याशिवाय ते घराबाहेर पडत नाहीत.

कुणाकडे गेले की आधी टेबलावर पाणसळ, मग चहा. माझी मुलगी झाली तेव्हा ते दवाखान्यात आले, पाळण्याच्या कडेवर पाणसळ ठेवली, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "बाळ छान आहे. पाळणा डोक्याकडे झुकलाय." परिचारिकेने पाळण्याच्या पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा सरकवला तेव्हा कुठे त्यांनी नातीचं तोंड पाहिलं. मी तेव्हा इतकी चिडले होते की दोन दिवस बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

घरात एक जुनी गाडी आहे, माझ्या नवऱ्याच्या जन्माआधीची. ती चालवतात सासूबाई. बाबांना चालवता येत नाही. एकदा शिकायला गेले होते, पण समोरच्या गाड्या सोडून रस्त्याला ढाळ बरोबर दिलाय का तेच बघत बसायचे. तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्याने हात जोडले.

या दोघांचं घरात एक वाक्य धड पुरं होत नाही. आईंनी पंखा लावला की बाबा बंद करणार, बाबांनी खिडकी उघडली की आई लावणार. पण दर रविवारी सकाळी आई गाडी काढतात, बाबा शेजारी बसतात आणि दोघं दोन-तीन तास भटकून येतात. गाडीत दोघंही समोर बघतात, एकमेकांच्या तोंडाकडे बघायची वेळ येत नाही, म्हणून असेल. तिथे ते बोलतात. एकदा मी मागे बसले होते. माझ्या नवऱ्याच्या बारशापासूनचे हिशेब निघाले आणि दोघं चक्क हसत होती. घरी आल्यावर पाच मिनिटांत पंख्यावरून जुंपली.

यंदा आईंच्या बोटांचे सांधे धरले. गाडीचं जुनं स्टिअरिंग मोठं, पण त्याचा काठ करंगळीएवढा बारीक आणि तडकलेला. तो घट्ट धरायचा म्हणजे त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. एका रविवारी त्या परत आल्या आणि किल्ली टेबलावर ठेवून म्हणाल्या, "बास झालं. माझ्याच्याने आता होत नाही. दातांचे डॉक्टर कधीपासून मागे लागलेत, त्यांना देऊन टाकू. पुढच्या रविवारी अकराला बोलावलंय."

आईंनी पंखा लावला. बाबांनी तो बंदच केला नाही. मला त्या क्षणी कळलं की हा माणूस घाबरलाय.

सोमवारी ते जुन्या गाड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात गेले. मला बरोबर नेलं, कारण नव्या सामानावरची अक्षरं बारीक असतात. दुकानदाराने शर्यतीच्या गाडीची छोटी छोटी स्टिअरिंगं समोर मांडली.

"लहान नको," बाबा म्हणाले. "लहान चाक वळवायला जड जातं. मोठंच हवं, पण काठ जाड पाहिजे. मऊ पाहिजे."

"आजोबा, गाडीला शोभेल असं बघा ना."

"गाडीला नाही लावायचं. बायकोच्या हाताला लावायचंय."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. शेवटी माळ्यावरून एक निघालं: जुन्याएवढंच मोठं, काठ जाडजूड, त्यावर काळं चामडं आणि लाल धाग्याची शिवण. मधे दोन आडवे दांडे, डावा आणि उजवा. बाबांनी डोळे मिटून ते धरून पाहिलं आणि घेतलं.

आता इथे घरातली एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या अंगणात, जिथे गाडी उभी असते, तिथली फरशी बाबांनी लग्नाच्या वर्षी स्वतः बसवली. ते त्यांचं पहिलं स्वतंत्र काम. पुढे शेजाऱ्यांनी कुंपणाला लागून पाण्याची टाकी खणली आणि आमच्या अंगणाची डावी बाजू हळूहळू खचली. थोडीथोडकी नाही, वीतभर. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे, बाबा सोडून. नातीचा चेंडू अंगणात ठेवला की कुंपणापर्यंत आपोआप जातो. अंगणातल्या खुर्चीच्या दोन पायांखाली लाकडी ठोकळे आहेत. बाबा म्हणतात, हल्ली खुर्च्या धड बनवत नाहीत. गाडीचा डावा दरवाजा सोडला की आपटून उघडतो. बाबा म्हणतात, बिजागऱ्या ढिल्या झाल्यात. जगातल्या प्रत्येक वस्तूवर पाणसळ ठेवणाऱ्या या माणसाने स्वतःच्या फरशीवर ती कधी ठेवली नाही. ठेवायची गरजच काय, ती तर त्यांनीच बसवलेली! मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात नवऱ्याने मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "अंगणाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. आईचा नियम आहे." मला तेव्हा वाटलं, कुठल्या वेड्यांच्या घरात येऊन पडले. अजूनही वाटतं.

मंगळवारी काम सुरू झालं. माझ्याकडे नव्या स्टिअरिंगसोबत आलेला कागद वाचायचं काम होतं.

"बाबा, इथे लिहिलंय की मधला नट पूर्ण काढू नका. दोन आटे राहू द्या आणि मग चाक ओढा."

"कागद वाचून काम करणारा माणूस मी नाही."

"मग मला कशाला बसवलंय?"

"सोबतीला."

त्यांनी नट पूर्ण काढला. मग सीटवर मागे रेलून, दोन्ही पाय रोवून चाक ओढलं. हललं नाही. पुन्हा ओढलं. पन्नास वर्षं चिकटून बसलेलं ते चाक तिसऱ्यांदा एकदम सुटलं आणि सगळ्या जोरासकट त्यांच्या तोंडावर आलं. समोरचा अर्धा दात तुटला. त्याच वेळी हॉर्नची तार कुठेतरी टेकली आणि हॉर्न वाजायला लागला तो थांबेचना. सगळी गल्ली गोळा झाली. बाबा तोंडाला रुमाल लावून, एका हातात स्टिअरिंग घेऊन उतरले आणि म्हणाले, "निघालं."

दातांच्या डॉक्टरांकडे जावंच लागलं, म्हणजे गाडी घ्यायला टपलेल्या त्याच डॉक्टरांकडे. त्यांनी दाताकडे पाहायच्या आधी विचारलं, "गाडीला नाही ना काही लागलं?" बाबांनी उत्तर म्हणून त्यांच्या खुर्चीच्या हातावर पाणसळ ठेवली. खुर्ची मागे कललेली होती, आणि तशीच असायला हवी होती, पण बाबांना तेवढ्यानेही बरं वाटलं.

बुधवारी नवं स्टिअरिंग बसलं. आधी त्यांनी गाडीच्या दोन्ही बाजूंना दोरी ताणून पुढची चाकं अगदी सरळ केली. मग स्टिअरिंग ज्याच्यावर बसतं त्या उभ्या दांड्यावर नवा जोडतुकडा, त्यावर स्टिअरिंग. त्या दांड्याला सभोवती दाते असतात, स्टिअरिंग एकेक दाता पुढेमागे बसवता येतं. सरळ नेमका कुठला दाता, हे माणसं नजरेने ठरवतात. बाबांनी दोन आडव्या दांड्यांवर पाणसळ ठेवली.

मी पलीकडच्या सीटवर, घरंगळू नये म्हणून दरवाजाला धरून बसले होते. गाडी कुंपणाकडे कललेली. बुडबुडा मधोमध आला तेव्हा स्टिअरिंग गाडीच्या मानाने चांगलं उजवीकडे झुकलेलं मला दिसत होतं. सांगू का नको, सांगू का नको, असं मनात चाललं होतं. मी घराच्या खिडकीत पाहिलं. आत आई उभ्या होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"बघ," बाबा म्हणाले, "केसाचाही फरक नाही."

"नाही बाबा," मी म्हणाले, आणि मला माझाच राग आला.

त्यांनी नट आवळला. आईंनी गाडी काढली. काठ धरला आणि त्यांचा चेहराच बदलला. "अगं बाई, हे तर उशीसारखं आहे," त्या म्हणाल्या. कोपऱ्यावरून गाडी मोठ्या रस्त्याला लागली, सरळ चालली, आणि स्टिअरिंग वाकडं.

बाबांनी ते पाहिलं. गाडी थांबवायला सांगितलं. पाणसळ ठेवली. बुडबुडा डावीकडे पळाला.

"रस्ता वाकडा आहे," ते म्हणाले.

घरी आलो. पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध. गाडी पुन्हा बाहेर काढली, स्टिअरिंग वाकडं. गुरुवारी दिवसभर हेच. त्यांनी मोठा रस्ता, शाळेचं मैदान, बाजारामागची गल्ली, सगळीकडे ओणवं होऊन जमिनीवर पाणसळ ठेवली; बुडबुडा कुठेच मधोमध येईना. चौकात हवालदाराने विचारलं, काय चाललंय? "तुमचा चौक तपासतोय," बाबा म्हणाले. मी मागच्या सीटवर खाली सरकून बसले.

"हे घरी सरळ असतं आणि रस्त्यावर आलं की वाकडं होतं," ते चिडून म्हणाले.

"माणसांचं उलट असतं," आई म्हणाल्या.

शुक्रवारी पेट्रोल पंपावर त्यांनी जमिनीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध. पंपाची जमीन आरशासारखी सपाट. आणि स्टिअरिंग वाकडं. ते बराच वेळ तिथेच उकिडवे बसून राहिले. मागे गाड्यांची रांग लागली. उठले तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"माझा हात गेला," ते म्हणाले.

"अहो, मला चालतंय की. बोटं दुखत नाहीत, आणखी काय हवं?"

"तुला चालत असेल. मी वाकडं काम करून देत नाही. कधी दिलं नाही. डॉक्टरांना देऊन टाक गाडी."

शनिवारी पाणसळ कपाटात गेली. जेवताना टेबल डगमगलं, त्यांनी वर पाहिलं नाही. मला रडू यायला लागलं. इतकी वर्षं त्या पट्टीचा वैताग केला, आणि आता ती कपाटात गेली तर घर ओकंबोकं झालं.

रविवारी अकराला डॉक्टर आले. अंगणात ठोकळ्यांवरच्या खुर्चीत बसले. बाबा किल्ली घेऊन उभे राहिले, तेवढ्यात आई कपाटातून पाणसळ घेऊन बाहेर आल्या. 

"अहो, इकडे या."

त्या खाली बसल्या, गुडघ्यांवर हात ठेवत, कण्हत, आणि त्यांनी पाणसळ फरशीवर ठेवली. बुडबुडा सरळ नळीच्या टोकाला जाऊन बसला.

 डॉक्टर उगीच पाय उचलून बसले.

बाबा फरशीवर बसले. पाणसळ फिरवून पाहिली, उलटी करून पाहिली. मग त्यांनी तळहात टेकवला आणि भिंतीपासून कुंपणापर्यंत गुडघ्यांवर सरकत गेले. दोन फरशांमधल्या प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवलं. परत येऊन पाणसळीशेजारी बसले.

"वीतभर खचलीय," ते म्हणाले. "पण एक सांधा उघडला नाही. एकसुद्धा."

"तेच तर," आई म्हणाल्या. "हात कुठे गेलाय तुमचा? जमीन गेली."

"किती वर्षं झाली?"

"बावीस."

"आणि बावीस वर्षं तू मला सांगितलं नाहीस?"

"तुमचं पहिलं काम होतं हो ते. माझ्यासाठी केलेलं."

बाबांनी किल्ली खिशात टाकली. डॉक्टरांना म्हणाले, "गाडी विकायची नाही. पण बसा, चहा घ्या. आणि ती खुर्ची चांगली आहे बरं का, उगाच नावं ठेवली मी तिला." मग आईंकडे वळले.

"आणखी काय काय सांगितलं नाहीस मला?"

आई उठल्या, त्यांच्या खिशातून किल्ली काढून घेतली आणि गाडीचा दरवाजा उघडला.

"बसा," त्या म्हणाल्या. "सांगते. आधी पेट्रोलची टाकी भरून घेऊ."