रेघा न मोजलेलं नाणं

बोरीच्या बसस्टँडसमोर माझं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, चार बाकडी, एक भट्टी आणि मागं आमची राहायची खोली. चहा, पोहे, भजे. मी चौतीस वर्षांचा होतो तेव्हाची ही गोष्ट. तोवर मी नाण्याकडे कधी नीट बघितलं नव्हतं. आलं की गल्ल्यात टाकायचं, एवढाच संबंध.

माझा राग मात्र सगळ्या गावाला माहीत होता. वडील मला कासऱ्यानं मारायचे, आणि मारणं हे पुरुषाचं बोलणंच आहे असं मी लहानपणीच धरून चाललो होतो. एकदा शेताच्या बांधावरून चुलतभावाचं डोकं फोडलं होतं. हॉटेलात कुणावर माझा आवाज चढला की बायको आधी विळी उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवायची, मग बाहेर यायची.

त्या वर्षी आमच्याकडे दहा रुपयांच्या नाण्याची अफवा उठली होती. कुणी म्हणायचं, रुपयाचं चिन्ह नसलेलं नाणं नकली. कुणी म्हणायचं, दहा रेघांचं खरं, पंधरा रेघांचं खोटं. शेवटी लोकांनी रेघा बघणंही सोडून दिलं आणि दहाचं नाणं दिसलं की सरळ हात आखडायला सुरुवात केली. किराणावाला घेईना, पानवाला घेईना. मीही घेत नव्हतो.

येलदरीचा एक मासेवाला आठवड्यातून दोनदा परभणीला जाताना माझ्याकडे थांबायचा. पन्नाशीचा, काटक माणूस. मोटारसायकलला मागं बर्फाची पेटी बांधलेली, बाह्यांवर माशाचे खवले वाळलेले. दोन कप चहा आणि एक प्लेट भजे खाऊन निघून जायचा, फार बोलायचा नाही. त्या दिवशी बाजार होता आणि बाकड्यांवर जागा नव्हती. मी कढईसमोर उभा होतो. त्यानं भट्टीशेजारच्या टेबलावर दहाची नाणी ठेवली.

“हे न्हाई चालत,” मी म्हणालो. “नोट द्या.”

“मालक, आज सगळे सिक्केच आलेत. जिंतूरात गिऱ्हाइकानं हेच दिले.”

“मग जिंतूरातच चहा प्यायचा.”

“सरकारचा छाप हाय ह्याच्यावर. चालत कसं न्हाई?”

मी एक नाणं उचललं आणि समोरच्या गटाराकडे भिरकावलं. बाकड्यावरचं कुणीतरी हसलं. मासेवाला उठला, चिखलात वाकून नाणं शोधलं, सदऱ्याला पुसलं आणि परत माझ्यापुढं आणून ठेवलं.

“लक्ष्मीला असं फेकता व्हय?” तो म्हणाला. “हे घ्यावंच लागंल. तुमच्या बापाचं राज हाय का इथं?”

बाकड्यांवर पुन्हा हसू पिकलं. या खेपेला ते माझ्यावर होतं, असं मला वाटलं.

झारा तेलातच होता. मी तो उचलून त्याच्या तोंडावर मारला. चर्र असा आवाज झाला. त्याचा उजवा गाल आणि कान एकदम पांढरे पडले, मग लाल झाले, मग कानाच्या पाळीतून रक्त यायला लागलं. तो ओरडला नाही. दोन्ही हात चेहऱ्याच्या आजूबाजूला धरून, चेहऱ्याला न लावता, तो नुसता उभा राहिला. त्या उभं राहण्याचाच मला आणखी राग आला. मी दुसरा घाव खांद्यावर घातला. तिसरा घालणार तेवढ्यात एका ट्रकवाल्यानं मला मागून कमरेला मिठी मारून उचललं. मग मासेवाला खाली बसला आणि लहान पोरासारखा “आई, आई” करायला लागला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. टेबलावरची नाणी कुणीतरी त्याच्या खिशात घातली. एक राहिलं, ते झाऱ्याच्या धक्क्यानं भट्टीखाली गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचे तीन पुतणे आले. एकाच्या हातात वल्ह्याचा दांडा होता. काहीही न विचारता त्यांनी बरण्या फोडल्या, कढई उलथवली. भट्टी त्या दिवशी पेटवलेली नव्हती म्हणून वाचलो. मी डोक्यावर हात घेतला आणि दांडा हातावर बसला. डाव्या हाताचं हाड मोडल्याचं मला आधी ऐकू आलं, दुखलं नंतर. मी पडलो तसे ते लाथांनी मारायला लागले. बायको मध्ये आली. तिला ढकललं तर तिचं कपाळ भट्टीच्या कडेवर आपटलं. तिच्या डोळ्यांत रक्त उतरलेलं बघून त्यांच्यातलाच एक म्हणाला, “बस करा रे, बाईला लागलंय.” मग ते गेले.

दोन्हीकडून तक्रारी झाल्या. चौकीतला जमादार मला म्हणाला, “नाणं खोटं निघालं तर तुला बोलायला कायतरी जागा राहील. न्हाईतर दहा रुपयापाई माणूस भाजलास, एवढंच उरतंय बघ.”

घरी येऊन मी भट्टीखाली हात घातला. राखेत नाणं सापडलं. त्याच्या कडेला काळसर काहीतरी वाळलं होतं. ते मी धुतलं नाही. पुरावा म्हणून तसंच रुमालात बांधलं आणि गळ्यात अडकवलेल्या प्लास्टरच्या हातानं जिंतूरच्या बँकेत गेलो. ते खोटं निघावं म्हणून वाटेत मी देवाला विनवलं होतं, हेही सांगून टाकतो.

खिडकीपलीकडे एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी नाणं बोटात फिरवलं. “खरं आहे,” त्या म्हणाल्या.

“नीट बघा मॅडम. लोक म्हणायलेत नकली हाय.”

“लोक काहीही म्हणतात.” त्यांनी ड्रॉवरमधून भिंग काढलं, नाणं पुसायला गेल्या आणि थांबल्या. “हे काय लागलंय ह्याला?”

त्यांनी माझा हात बघितला, माझा सुजलेला चेहरा बघितला. मग नाणं आणि भिंग दोन्ही माझ्याकडे सरकवलं. “तुम्हीच बघा. सालाच्या खाली.”

मी भिंग धरलं. आधी सगळं धूसर होतं. मग एकदम साल उभं राहिलं, आणि त्याच्या खाली एक चांदणी. ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान, पण पाचही टोकं शाबूत.

“ही हैदराबादच्या टाकसाळीची खूण,” बाई म्हणाल्या. “मुंबईचं असेल तर पत्त्यातल्यासारखी चौकट असते, नोएडाचं असेल तर ठिपका.” त्यांनी आपल्या गल्ल्यातली चार-पाच दहाची नाणी काढून माझ्यापुढं ओळीनं मांडली. एकही दुसऱ्यासारखं नव्हतं. एकावर दहा रेघा, एकावर पंधरा, एकावर रेघाच नाहीत, भलतंच चित्र. “सगळी खरी. वेळोवेळी वेगळी काढली, एवढंच.”

मागं रांग लागली होती. मी हलत नव्हतो. मला आठवत होतं, मी मासेवाल्याच्या नाण्यावरच्या रेघा मोजल्याच नव्हत्या. लोकांची अफवासुद्धा मी धड पाळली नव्हती. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्याच वेळी, त्याच भिंगातून, मला आणखी एक नाणं बघायचं होतं. मग आणखी एक. या दोन्ही गोष्टी एकाच मिनिटात घडल्या आणि त्या मला आजवर वेगळ्या करता आलेल्या नाहीत.

तिथून मी सरळ घरी गेलो नाही. जिंतूरच्याच स्टँडजवळच्या दुकानात एक भिंग घेतलं.

महिन्याभरानं बायको म्हणाली, “चला येलदरीला. पायावर डोकं ठेवा, मार बसला तर खावा.” आम्ही दोघं गेलो. मासेवाला दारात जाळं विणत बसला होता. उजवा कान आक्रसून सुकलेल्या चिंचेसारखा झाला होता. मी वाकलो तर एका पुतण्यानं मला कॉलरला धरून अंगणात आपटलं.

“सोड त्याला,” मासेवाला म्हणाला.

“काका, कसा आलाय बघा तोंड घेऊन!”

“सोड म्हणलं ना.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “माफीबिफी माझ्यापाशी न्हाई. मला बघून बारकं पोरगं रडायलंय. नातू हाय माझा. त्याच्याकडं काय मागणार तुमी?”

“नाणं खरं होतं,” एवढंच मी म्हणालो.

“ते मला ठावं होतं,” तो म्हणाला आणि पुन्हा जाळ्याकडे वळला.

पुढं कोर्टात तडजोड झाली, दोन्ही बाजूंनी. उपचाराचा सगळा खर्च मी दिला. पैसे पुतण्यानं येऊन नेले, मासेवाला स्वतः आला नाही. परभणीला जाताना त्याची मोटारसायकल अजून हॉटेलवरून जाते. आवाजावरून मी ओळखतो. तो मान वळवत नाही.

माझं नाणी जमवणं मात्र वाढत गेलं. दहाच्या नाण्यांवरून मी मागं मागं सरकत गेलो. भोकाचा पैसा, नक्षीदार कडेचे दहा पैसे, मग निजामाच्या वेळचा हाली रुपया, त्यावरच्या चारमिनारसकट. चारठाण्याच्या एका सोनारानं तो मला आटवायच्या आधी काढून दिला. त्यावरची उर्दू-फारसी अक्षरं वाचायला मी जिंतूरच्या एका मौलवीसाहेबांकडे वर्षभर जात होतो. कुठलंही नाणं हातात आलं की मी आधी सगळं मोजतो. रेघा, ठिपके, कडेचे दाते. एक एक मोजेपर्यंत हात दुसरं काही करत नाही.

राग गेलेला नाही. मागच्या उन्हाळ्यात एक गिऱ्हाइक बायकोला उलट बोललं तेव्हा माझा हात वर गेलाच होता. बायकोनं तो वरच्यावर धरला आणि म्हणाली, “आत जा. तुमच्या नाण्यांच्या डब्या उघडा.” मी गेलो. बाहेर तिनं त्याला चहा दिला, सुट्टे दिले आणि वाटेला लावलं.